प्रस्तावना : दंतव्यंगोपचार – साधनांची वाढ आणि फलिताची कसोटी

मनुष्यदेहातील सर्वांत कठीण पदार्थ म्हणजे दातांवरील कवच, आणि त्या काठिण्यामुळेच दात एकदा जेथे उगवले तेथे ते जन्मभर खिळून राहावयाचे, असा समज जनमानसात दृढ झालेला आहे. वस्तुतः ज्या हाडात ते रोवलेले असतात ते हाड अहर्निश झिजत व भरत असते. ओठ, गाल आणि जीभ यांचा मंद दाब दातांवर रात्रंदिवस पडत असतो. आणि बालपणापासून वार्धक्यापर्यंत त्यांचे स्थान थोडेथोडे पालटतच असते. या चलनक्षमतेचा बुद्धिपुरस्सर उपयोग करून वेडेवाकडे, पुढे आलेले, दाटीने उगवलेले अथवा हाडातच अडकून पडलेले दात योग्य स्थळी आणावयाचे, आणि वाढीच्या वयात वरच्या व खालच्या जबड्यांचा परस्परसंबंध शक्य तितका सुधारावयाचा, हे दंतव्यंगोपचारशास्त्राचे कार्य होय. घरोघरी ज्या उपचाराचा उल्लेख ‘दातांना तार लावणे’ असा होतो तो या शास्त्राचा सर्वपरिचित भाग. परंतु त्या तारेच्या जोडीला आजमितीस जी साधने उभी राहिली आहेत, आणि त्या साधनांनी काय साधले व काय साधले नाही याचा जो चोख हिशेब मांडला जाऊ लागला आहे, त्यांची ओळख मराठी वाचकांस फारशी झालेली नाही. ती करून देण्यासाठी प्रस्तुत ग्रंथाची योजना आहे.

ग्रंथात शिरण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करावीशी वाटते. कोणत्याही उपचारशास्त्राची प्रगती दोन वाटांनी होते. पहिली वाट नव्या साधनांची : नवा धातू, नवे यंत्र, नवी युक्ती. दुसरी वाट फलिताच्या परीक्षेची : उपचार संपल्यानंतर दहा, वीस वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा बोलावून, त्यांच्या दातांचे ठसे पुन्हा घेऊन, ते जुन्या ठशांशी ताडून पाहण्याची. पहिल्या वाटेवरील यश तत्काळ नजरेत भरते आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरते; दुसऱ्या वाटेवरील परिश्रम संथ, खर्चिक आणि पुष्कळदा कर्त्याच्याच अभिमानाला धक्का देणारे असतात. तथापि गेल्या अर्धशतकात या शास्त्राने दुसऱ्या वाटेवर केलेली वाटचाल अधिक मोलाची आहे, अशी माझी पूर्ण विचारान्ती बनलेली धारणा आहे. कारण पहिल्या वाटेने हाती आलेल्या साधनांपैकी खरोखर उपकारक कोणते आणि केवळ नवे कोणते, याचा निवाडा करण्याचे सामर्थ्य तिनेच आपणांस दिले. पुढील सर्व विवेचन याच दृष्टीने वाचले जावे, अशी विनंती आहे.

दात हलविता येतात हे ज्ञान प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने, दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा दात उगवला असता दुधाचा दात काढून टाकावा आणि नवा दात रोज बोटाने दाबून त्याच्या जागी आणावा, असे सांगून ठेविले आहे. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याच्या ग्रंथात धातूची पट्टी आणि दोरा यांच्या साहाय्याने दात ओढून आणण्याचे वर्णन आढळते. परंतु विखुरलेल्या युक्त्यांना शास्त्राची शिस्त लावण्याचे श्रेय निःसंशय अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांचे. त्यांनी १८९९ साली वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचा आधार धरून दंतव्यंगांचे तीन वर्ग पाडले, ते वर्गीकरण आजही जगभर विद्यार्थ्यांना प्रथम शिकविले जाते. १९०० साली सेंट लुईस येथे त्यांनी या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आयताकृती तार बसणाऱ्या चौकोनी खाचेचे जे ब्रॅकेट सिद्ध केले, त्याचेच वंशज आज आपल्या मुलांच्या दातांवर दिसतात.

अँगल यांची एक श्रद्धा मात्र पुढे वादाचे मूळ ठरली. निसर्गाने प्रत्येकास बत्तीस दात दिले आहेत, ते सर्व राखूनच उत्तम चर्वण आणि उत्तम मुखसौंदर्य साधते, सबब उपचारासाठी दात काढणे हा अपराध होय, असे त्यांचे मत होते. कॅल्व्हिन केस यांनी १९११ साली या मताला जाहीर हरकत घेतली, परंतु गुरूचा अधिकार इतका मोठा की ती हरकत दीर्घकाळ अमान्यच राहिली. तिचा फेरविचार घडवून आणला तो अँगल यांच्याच दोन शिष्यांनी. ॲरिझोनातील चार्ल्स ट्वीड यांना, सर्व दात राखून आपण पूर्ण केलेले अनेक उपचार काही वर्षांत पुन्हा बिघडलेले दिसले. त्यांनी त्या रुग्णांवर, या वेळी उपदाढा काढून, पुन्हा उपचार केले आणि १९४० साली अशा शंभर रुग्णांचा दाखला व्यावसायिक बंधूंसमोर ठेविला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे रेमंड बेग यांनी तेथील आदिवासींच्या दातांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की भरड अन्नाने दातांच्या कडा झिजून त्यांना जी जागा मिळत असे ती आजच्या मऊ अन्नात मिळत नाही. आणि बारीक, लवचीक पोलादी तारेचा सौम्य जोर लावणारे आपले स्वतंत्र तंत्र त्यांनी उभारले. हे बेगतंत्र आपल्या देशातील दंतमहाविद्यालयांतही दीर्घकाळ शिकविले गेले. दात काढावेत की न काढावेत, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे उत्तर आज कोणी देत नाही. प्रत्येक रुग्णाच्या जबड्याची लांबी, ओठांची ठेवण आणि दाटीचे प्रमाण पाहून तो निर्णय घ्यावा लागतो. परंतु गुरुवचनाचाही निवाडा शेवटी रुग्णाच्या मुखातच होतो, हा धडा या वादाने कायमचा घालून दिला.

आता दात हलतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे. कारण हे एक सूत्र हाती आले म्हणजे पुढील सर्व साधनांची योग्यता ठरविणे सुलभ होते. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड एकमेकांस चिकटलेले नसतात. त्यांच्या दरम्यान सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा, रक्तवाहिन्यांनी समृद्ध असा तंतुमय पडदा असतो. दातावर सतत मंद दाब दिला असता ज्या बाजूस हा पडदा दबतो तेथे हाड विरघळविणाऱ्या पेशी जमतात, ज्या बाजूस तो ताणला जातो तेथे हाड रचणाऱ्या पेशी कामास लागतात, आणि या झीजभरीच्या योगाने दात आपल्या हाडासह हळूहळू सरकतो. स्वीडनमधील कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हे प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. आणि दाब अति झाला तर पडद्यातील रक्तप्रवाह थांबून तो भाग निर्जीव होतो व दाताचे सरकणे उलट खोळंबते, हेही त्यांच्याच पाहण्यात आले. १९३२ साली श्वार्त्झ यांनी असा नियम मांडला की मुळावरील दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून अधिक नसावा, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरास सुमारे २० ते २६ ग्रॅम एवढाच असावा. पुढील संशोधनाने या प्रक्रियेत कोणती रासायनिक द्रव्ये पेशींना हाड मोडण्याचे वा जोडण्याचे संकेत पोचवितात हे रेणूंच्या पातळीवर उलगडून दाखविले. परंतु या सर्व ज्ञानानंतरही एक वस्तुस्थिती अबाधित आहे : दात महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर सरकतो. उपचारास दीड-दोन वर्षे लागतात ती वैद्याच्या संथपणामुळे नव्हे; ती मुदत हाडाने ठरविलेली आहे.

या सूत्राच्या प्रकाशात तारेचा इतिहास पाहणे मोठे उद्बोधक आहे. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे, आणि त्यासाठी दातांमध्ये फट पाडणे, कडे ठोकून बसविणे, हे सर्व वेदनादायक सोपस्कार रुग्णास सोसावे लागत. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी, दाताचे कवच सौम्य प्रमाणात आम्लाने खरवडले असता त्यावर राळ घट्ट चिकटते, असे दाखविले. दहा वर्षांनी जॉर्ज न्यूमन यांनी या शोधाचा उपयोग करून ब्रॅकेट थेट दातावर चिकटविले, आणि कड्यांचा अंमल मागील दाढांपुरता मर्यादित झाला. दुसरी क्रांती धातूची. १९६० च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी निकेल आणि टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू तयार केला. तो वाकविला तरी मूळ आकाराकडे परततो, हा त्याचा गुण हेरून आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रिअसन यांनी १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत त्याची तार दातांसाठी वापरात आणली. पोलादी तार दात जवळ येताच आपला जोर झपाट्याने गमावते, आणि प्रारंभी तर तो नको इतका असतो. निकेल-टायटॅनियमची अतिलवचीक तार मात्र दीर्घकाळ जवळजवळ समान आणि सौम्य जोर देत राहते. म्हणजे श्वार्त्झ यांनी कागदावर मागितलेली वागणूक देणारा धातू काही दशकांनी उपलब्ध झाला. अँड्रिअसन यांच्या तारेच्याच सुमारास, १९७२ साली, लॉरेन्स अँड्र्यूज यांनी उपचाराविनाच सुस्थित असलेल्या १२० दंतपंक्तींचे ठसे तपासून उत्तम दंतरचनेची सहा लक्षणे निश्चित केली, आणि प्रत्येक दाताचा अपेक्षित कल ब्रॅकेटमध्येच कोरून ठेवण्याची योजना केली. त्यामुळे वैद्याला तारेला प्रत्येक दातापुढे वेगळा बाक देत बसण्याचे श्रम पुष्कळ अंशी उरले नाहीत.

तारेने एक दात मागे ओढावयाचा तर तो कशाच्या आधाराने ओढावयाचा, हा या शास्त्रातील सर्वांत जुना आणि बिकट प्रश्न. क्रियेस समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम मुखातही लागू आहे. पुढचे दात मागच्या दाढांना धरून मागे ओढले म्हणजे दाढाही पुढे सरकतात. एका नावेत उभे राहून दुसरी नाव दोराने ओढावी तर दोन्ही नावा जागेवरून हलतात. दोर धक्क्यावरील खुंट्यास बांधल्यावाचून एकच नाव हलविणे शक्य होत नाही. तो खुंटा पूर्वी डोक्याभोवती बांधावयाच्या पट्ट्यांत शोधला गेला, परंतु असे पट्टे दिवसाचे बारा-चौदा तास लावणे मुलांच्या जिवावर येई आणि उपचार अर्धवट राहत. हाडातच खुंटा रोवावा ही कल्पना १९४५ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत करून पाहिली गेली, पण ती तेव्हा यशस्वी झाली नाही. १९८३ साली टॉमस क्रीकमोर आणि मायकेल एकलंड यांनी नाकाखालच्या हाडात एक लहान स्क्रू बसवून एका रुग्णाचे वरचे पुढचे दात सुमारे सहा मिलिमीटर वर नेले. १९९७ साली जपानमधील कानोमी यांनी केवळ १.२ मिलिमीटर व्यासाचे स्क्रू वापरले. आणि १९९९ साली जपानमधीलच उमेमोरी, सुगावारा प्रभृतींनी जबड्यावर बसविलेल्या धातूच्या लहान पट्ट्यांच्या आधाराने दाढा हाडात खाली दाबून, पुढचे दात मिटतच नसलेल्या रुग्णांचे मुख मिटविले. दाढा हेतुपूर्वक हाडात दाबणे ही तोवर जवळजवळ असाध्य मानलेली गोष्ट होती. ज्यांना जबड्याची शस्त्रक्रिया सांगितली गेली असती अशा काही रुग्णांना या खुंट्यांनी शस्त्रक्रियेपासून वाचविले. हिरडी बधिर करून काही मिनिटांत बसणारा व काम संपताच निघणारा हा स्क्रू गेल्या अर्धशतकातील सर्वांत फलदायी साधन होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तरीही त्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला गेला आहे : अनेक अभ्यास एकत्र करून पाहता शंभरांतील सुमारे तेरा-चौदा स्क्रू मुदतीपूर्वीच सैल होतात, आणि ही गोष्ट रुग्णास आधीच सांगितली पाहिजे.

आज शहरांतील फलकांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ज्याचे नाव सर्वाधिक झळकते ते साधन म्हणजे पारदर्शक अलाइनर. त्याचे बीजही जुनेच आहे : १९४५ साली अमेरिकेतील हॅरल्ड केसलिंग यांनी ठशावरील दात हाताने किंचित सरकवून त्यावर रबरी साचा घडविला आणि तो रुग्णास चावावयास देऊन दातांच्या शेवटच्या बारीक सुधारणा केल्या. परंतु प्रत्येक टप्प्यासाठी नवा साचा हाताने घडविणे व्यवहार्य नव्हते. १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने संगणकावर दातांची त्रिमितीय प्रतिकृती उभी करून सर्व टप्पे आधीच आखण्याची आणि त्याबरहुकूम प्लॅस्टिकच्या आवरणांची मालिका तयार करण्याची पद्धत आणली. प्रत्येक आवरण दातास साधारणतः पाव मिलिमीटर सरकविते. दिवसाचे वीस ते बावीस तास ते लावावे लागते. आणि केवळ प्लॅस्टिकच्या पकडीने न वळणाऱ्या दातांवर राळेचे लहान उंचवटे चिकटवून त्या पकडीस बळकटी द्यावी लागते. जेवताना काढता येतात, दात स्वच्छ घासता येतात, तारेचे टोक गालास टोचत नाही, आणि प्रौढ स्त्री-पुरुषांना कामाच्या ठिकाणी संकोच वाटत नाही, हे या साधनाचे गुण निर्विवाद आहेत. किंबहुना जे प्रौढ पूर्वी दंतवैद्याकडे फिरकलेही नसते अशांना उपचाराकडे वळविण्याचे कार्य त्याने केले.

परंतु संगणकाच्या पडद्यावर दिसणारी हालचाल आणि हाडात घडणारी हालचाल एकच नव्हे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत पुढच्या दातांच्या आखलेल्या हालचालींपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात उतरल्या. अकरा वर्षांनी, सुधारित प्लॅस्टिक आणि सुधारित आखणी यांसह, केलेल्या तपासणीत हे प्रमाण सुमारे ५० टक्के झाले. दात आतल्या वा बाहेरच्या बाजूस कलविणे या साधनास सुलभ जाते. गोल मुळाचे सुळे व उपदाढा त्यांच्या अक्षाभोवती फिरविणे आणि दात हाडातून ओढून उंच करणे त्यास कठीण जाते. यास्तव पहिली मालिका संपल्यावर पुन्हा दात मोजून दुसरी मालिका घ्यावी लागणे हा अपवाद नसून रिवाज आहे. या साधनाचे यश त्याच्या मागील वैद्याच्या निदानावर अवलंबून असते. आणि म्हणूनच घरच्या घरी ठसे घेऊन, मुळांचे व हिरड्यांचे परीक्षण न करता, टपालाने आवरणे मागविण्याची जी प्रथा परदेशांत निघाली ती मला गंभीर धोक्याची वाटते. ज्याच्या हिरड्यांखालील हाड आधीच झिजले आहे त्याचे दात अशा निर्वैद्य दाबाने सरळ होण्याऐवजी सैल होण्याचा संभव असतो.

निदानाच्या साधनांतही मोठे परिवर्तन झाले आहे. १९३१ साली क्लीव्हलँड येथील हॉली ब्रॉडबेंट यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत होफ्राट यांनी, डोके विशिष्ट स्थितीत स्थिर ठेवून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत सिद्ध केली. त्यामुळे दोष दातांचा आहे की जबड्याच्या हाडाचा, हे प्रथमच मोजता येऊ लागले. १९९० नंतरच्या दशकाअखेरीस शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारे त्रिमितीय चित्रण आले, आणि हाडात अडकलेला सुळा शेजारच्या दाताच्या मुळाला नेमका कोठे खात आहे हे स्पष्ट दिसू लागले. या चित्रणात किरणांची मात्रा साध्या चित्राहून अधिक असल्याने, मुलांच्या बाबतीत, प्रश्न निश्चित असेल तेव्हाच त्याचा अवलंब करावा, हा विवेक या शास्त्राने सोडलेला नाही. ठसे घेताना मुलांना मळमळ आणणारा ओला मसालाही आता अनेक ठिकाणी मागे पडला असून, लेखणीएवढ्या कॅमेऱ्याने मुखाचे मोजमाप घेतले जाते.

साधनांचे हे वर्णन येथवर पुरे. कारण ज्या दुसऱ्या वाटेस मी अधिक महत्त्व दिले तिची काही उदाहरणे देणे अगत्याचे आहे. पहिले उदाहरण उपचाराच्या वयाचे. वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे असलेल्या मुलांचा उपचार सात-आठव्या वर्षीच सुरू करावा, म्हणजे जबडा वाढतो व पुढील त्रास टळतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा आणि ब्रिटन येथे मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निःपक्षपाती विभागणी करून जे प्रयोग झाले त्यांत असे निष्पन्न झाले की लवकर सुरू केलेल्या आणि किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारांचे अंतिम फलित जवळजवळ सारखेच असते. एकच फरक ठळकपणे उरला : पुढे आलेले पटाशीचे दात लवकर मागे घेतले तर पडझडीत ते मोडण्याचे प्रमाण घटते. म्हणजे खेळकर, धडपडणाऱ्या, दात फार पुढे असलेल्या मुलास लवकर उपचार द्यावा आणि इतरांना थांबवावे, असा तारतम्याचा निर्णय आज पुराव्यानिशी घेता येतो. याउलट काही बाबतींत योग्य वेळी केलेली अत्यल्प कृती मोठे काम करते. स्वीडनमधील एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ साली दाखविले की टाळूकडे वळलेला कायमचा सुळा आढळताच दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा दुधाचा सुळा काढून टाकला असता, ४६ पैकी ३६ सुळे आपणहून योग्य मार्गास लागले. दुभंगलेला ओठ व टाळू असलेल्या बालकांत, कायमचा सुळा उगवण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, हिरडीच्या फटीत हाडाचे कलम केले असता तो सुळा त्या नव्या हाडातून उतरतो, ही १९७२ साली बॉइन आणि सँड्स यांनी मांडलेली रीत आज सर्वमान्य आहे.

दुसरे उदाहरण वेगाचे. उपचाराचा काळ घटावा ही रुग्णाची इच्छा रास्त आहे, आणि त्या इच्छेचा फायदा घेणारी साधनेही बाजारात पुष्कळ आली. तार खाचेत आपोआप अडकवून धरणारे, रबरी कड्यांची गरज नसलेले ब्रॅकेट उपचार लवकर संपवितात, असा दावा झाला. काळजीपूर्वक तुलना करता तो टिकला नाही. दिवसातून वीस मिनिटे दातांना कंप देणारे उपकरण दात वेगाने हलविते, असे सांगण्यात आले. ब्रिटनमधील नियंत्रित प्रयोगात त्याचा परिणाम दिसून आला नाही. हाडास शस्त्राने सूक्ष्म छेद दिल्यास काही काळ वेग वाढतो हे खरे, परंतु तो लाभ अल्पकालीन असून त्यासाठी शस्त्रक्रियेची किंमत मोजावी लागते. जे शास्त्र आपल्याच क्षेत्रातील आकर्षक दाव्यांना असे नाकारू शकते त्याच्यावर रुग्णाने विश्वास ठेवण्यास सबळ कारण आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे उदाहरण टिकाऊपणाचे. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रीडल, लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांचे ठसे दशकानुदशके जतन केले. १९८१ साली त्यांनी जाहीर केले की दात सावरून धरणारी साधने काढल्यावर दहा वर्षांनी खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक उरलेले रुग्ण तीस टक्क्यांहूनही कमी होते. १९८८ साली वीस वर्षांपर्यंतचा हिशेब आला तेव्हा हे प्रमाण दहा टक्क्यांवर आले होते. आपल्याच विद्यापीठात, आपल्याच गुरुजनांनी केलेल्या कामाविषयी असा निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास जे नैतिक धैर्य लागते ते या शास्त्राच्या इतिहासातील अत्यंत आदरणीय गोष्टींपैकी एक आहे. त्याचे फळही तात्काळ मिळाले : दात जागेवर आणणे हा उपचाराचा पूर्वार्ध, आणि ते तेथे राखणे हा उत्तरार्ध, हे सर्वमान्य झाले, आणि पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस बारीक तार चिकटवून ठेवण्याची किंवा रात्री रिटेनर, म्हणजे दात सावरून धरणारे साधन, लावण्याची शिस्त वर्षानुवर्षांसाठी सांगितली जाऊ लागली. याच वृत्तीतून ब्रिटनमध्ये उपचाराची गरज मोजणारे मापन १९८९ साली आणि उपचाराने झालेली सुधारणा अंकांत मांडणारे मापन १९९२ साली सिद्ध झाले. त्यामुळे सार्वजनिक खर्चाने कोणास उपचार मिळावा आणि केलेला उपचार कितपत सफल झाला, हे दोन्ही प्रश्न मर्जीच्या कक्षेतून काढून तपासणीच्या कक्षेत आणता आले. उपचाराची हानीही आता झाकली जात नाही : तारेच्या कडेने नीट न घासलेल्या दातांवर उमटणारे पांढरे डाग, मुळांच्या टोकांची होणारी थोडी झीज, हिरड्यांची सूज, यांची कल्पना प्रारंभीच देणे हे वैद्याचे कर्तव्य मानले जाते.

आपल्या भूमीत या विद्येचा संसार उभा राहिला तो मुख्यतः स्वातंत्र्याच्या आगेमागे. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली स्थापन झाले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने व्यवसायास नियमांची चौकट दिली. आणि १९६५ साली डॉ. एच. डी. मर्चंट प्रभृतींच्या पुढाकाराने भारतीय दंतव्यंगोपचारतज्ज्ञांची संस्था उभी राहिली. आज महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी या विषयाचे तज्ज्ञ आढळतात. परंतु उपचाराचा खर्च सामान्य कुटुंबास जड जातो, आणि खेड्यातील मुलास महिन्या-दोन महिन्यांनी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी नेणे हा मोलमजुरी करणाऱ्या आईबापांना परवडणारा व्यवहार नाही. दुसरीकडे, मुलीचे दात पुढे आहेत याची आठवण तिचे लग्न ठरविण्याच्या वेळी होते, आणि सहा महिन्यांत सर्व सरळ करून द्या असा आग्रह धरला जातो. या दोन्ही दुःखांवर सर्वांत स्वस्त उपाय नव्या यंत्रात नाही. तो वेळीच मिळालेल्या ज्ञानात आहे. दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि कायमच्या दातास जागा उरत नाही. पाच-सहा वर्षांपलीकडे चालू राहिलेले अंगठा चोखणे पुढच्या दातांना बाहेर ढकलते. सातव्या-आठव्या वर्षी एकदा तज्ज्ञाकडून मुख पाहून घेतले तर पुढील अनेक वर्षांची दिशा ठरते. ही तीन वाक्ये प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक अंगणवाडीत पोचली, तर या ग्रंथात वर्णिलेल्या साधनांपैकी कित्येकांची गरजच भासणार नाही.

ग्रंथाची मांडणी याच क्रमाने केली आहे. प्रथम दात आणि हाड यांचा जीवव्यापार, त्यानंतर तार, स्क्रू, अलाइनर आणि शस्त्रक्रियेच्या साहाय्याने होणारे उपचार, आणि अखेरीस फलिताची मोजणी व दात राखण्याची शिस्त, अशी प्रकरणे वाचकांस आढळतील. विद्यार्थ्यांनी ही प्रकरणे पाठ्यपुस्तकास पूरक म्हणून वाचावीत. परंतु लेखकाच्या मनासमोर मुख्यतः तो पालक आहे, जो मुलास घेऊन दंतवैद्याच्या खुर्चीसमोर बसला आहे आणि काय विचारावे हे ज्यास उमगत नाही. त्याने पाच प्रश्न निःसंकोच विचारावेत : उपचार आताच का, दात काढावे लागणार असतील तर का, काळ व खर्च किती, रिटेनर किती वर्षे, आणि उपचार केलाच नाही तर काय होईल. यांपैकी कोणत्याही प्रश्नाने प्रामाणिक वैद्य रुष्ट होणार नाही, कारण हेच प्रश्न त्याच्या शास्त्राने गेली शंभर वर्षे स्वतःस विचारले आहेत आणि त्या विचारण्यातूनच ते प्रौढ झाले आहे. साधने यापुढेही येत राहतील. संगणक अधिक चतुर होईल, धातू अधिक सौम्य होतील, प्लॅस्टिक अधिक कार्यक्षम होईल. त्या प्रत्येकाचे स्वागत खुल्या मनाने करावे, आणि वीस वर्षांनंतर रुग्णाच्या मुखात काय उरले या एकाच कसोटीवर त्याची योग्यता ठरवावी, एवढी दृष्टी वाचकास या ग्रंथातून लाभली तर लेखकाचे परिश्रम सार्थकी लागले असे मी मानीन.